धूळपाटी ते संगणक : साधन, शिक्षक आणि मागे राहणारे मूल

मराठी भाषेत कोणत्याही कार्याच्या आरंभास ‘ओनामा’ म्हणण्याची रीत आहे. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे हे झिजलेले रूप होय, आणि या वचनाचा संबंध अनेक अभ्यासक जैन परंपरेतील सिद्धवंदनेशी जोडतात. पंतोजीपुढे मांडी घालून बसलेले मूल, मग ते कोणत्याही पंथाचे असो, सिद्धांना नमस्कार करूनच पहिले अक्षर गिरवीत असे. ते अक्षर कागदावर उमटत नसे. लाकडी पाटीवर बारीक धूळ अथवा विटकरीची पूड पसरावी, बोटाने किंवा काडीने तीत अक्षर काढावे, पंतोजींनी पाहिल्यावर हात फिरवून ते पुसावे आणि पुन्हा काढावे, असा तो क्रम होता. धुळाक्षरे म्हणतात ती हीच. शिक्षणातील तंत्रज्ञान म्हटले की आज संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे येतो. परंतु कितीही वेळा चुकू देणारी, पैशाचाही खर्च नसणारी ही धूळपाटी हेदेखील आपल्या काळातील तंत्रज्ञानच होते. शिक्षकाच्या हातात आलेल्या अशा साधनांचा आणि त्या साधनांनी वर्गातील प्रत्येक मुलापर्यंत पोहोचण्याच्या प्रयत्नांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे.

पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने इयत्ता नव्हत्या. एखाद्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा सभामंडप हीच शाळा. मूल कोणत्याही महिन्यात दाखल होई. एकजण धुळाक्षरे गिरवीत आहे, दुसरा पाढे म्हणत आहे, तिसरा मोडीतील जुने पत्र वाचून दाखवीत आहे, असे दृश्य एकाच ओसरीवर दिसे. मोठा विद्यार्थी लहानाकडून उजळणी करवून घेई आणि पंतोजी एकेकाला जवळ बोलावून त्याचा धडा तपासून पुढचा देत. ज्याचे पाढे पक्के झाले तो पावकी, निमकी, पाऊणकीकडे वळे. पुढे सवायकी, दिडकी, औटकी. पेढीवर बसणाऱ्या कितीतरी पिढ्यांचा हिशेब या पाठांतरावर चालला, आणि साडेतीन वारांचा भाव विचारणारे गिऱ्हाईक पुरते बोलण्यापूर्वी दुकानदाराच्या तोंडी उत्तर तयार असे. या व्यवस्थेचे गोडवे मात्र गाऊ नयेत. छडीचा धाक मोठा होता, मुलींना त्या ओसरीवर जागा नव्हती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मुलांना तर दारच बंद होते. तथापि जी मुले आत होती त्यांच्यापुरते एक तत्त्व तेथे पाळले जाई : पुढचा धडा मुलाच्या तयारीवर ठरे, त्याच्या वयावर किंवा दिनदर्शिकेवर ठरत नसे.

जैन वाचकास हे तत्त्व परके वाटणार नाही. ज्ञानावरणीय कर्माचा क्षयोपशम प्रत्येक जीवाचा भिन्न असतो, असे आपले कर्मशास्त्र सांगते. एकच प्रवचन ऐकूनही प्रत्येक श्रोता आपापल्या पात्रतेनुसार ग्रहण करतो. समवसरणातील भगवंतांचा दिव्यध्वनी प्रत्येक जीवास आपापल्या भाषेत समजत असे, असेही शास्त्रकारांनी म्हटले आहे. तीर्थंकरांना जे सहज साध्य होते ते चाळीस-पन्नास मुलांपुढे उभ्या राहिलेल्या सामान्य शिक्षकाने कसे साधावे, हा या विषयातील खरा प्रश्न होय.

या प्रश्नाला एक उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये शोधले गेले. डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचे अधीक्षक झाले. फेरफटक्यास गेले असता मलबारी मुलांची एक देशी शाळा त्यांच्या दृष्टीस पडली. तेथील मुले वाळूत अक्षरे काढीत होती. बेल यांनी हीच रीत आपल्या शाळेत आणण्याचे ठरविले. परंतु हाताखालच्या शिक्षकांनी टाळाटाळ केली. तेव्हा बेल यांनी एका आठ वर्षांच्या मुलास ती रीत शिकविली आणि लहानांचा वर्ग त्याच्याकडेच सोपविला. तो प्रयोग यशस्वी झाला. पुढे संपूर्ण शाळेत मुलेच मुलांना शिकवू लागली, आणि मुलांचे गट प्रगतीनुसार पाडण्यात येऊ लागले. १७९७ मध्ये लंडनला परतलेल्या बेल यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त छापला. १७९८ मध्ये जोसेफ लँकॅस्टर यांनी लंडनच्या सदर्क भागात अशाच धर्तीची शाळा काढली, आणि हां हां म्हणता ही पद्धती अनेक देशांत पसरली.

या कथेतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. पहिली अशी की नवे साधन शिक्षकांच्या गळी उतरले नाही म्हणून बेल यांना मुलाकडे वळावे लागले. शिक्षकांना विश्वासात घेऊन पाहिले असते तर काय झाले असते, याची नोंद इतिहासात नाही. दुसरी अशी की भारतातील ओसरीवर जे प्रत्येक मुलाच्या गतीने चाले ते लंडनला पोहोचल्यावर शेकडो मुलांना एका दिवाणखान्यात एका इशाऱ्यावर उठविण्या-बसविण्याची कवायत झाले. रीत तीच होती, वाळूही तीच होती. पण स्वस्तात अधिक मुले शिकविण्याचा हेतू बलवान ठरला आणि मुलाची गती मागे पडली.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते स्थापन झाले आणि क्रमाने इयत्ता, क्रमिक पुस्तके, वार्षिक परीक्षा व तपासनीस असा आजचा साचा घडत गेला. शिक्षण जातपातीपलीकडे नेण्याची शक्यता याच साच्यामुळे निर्माण झाली, हे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. पण वर्षाअखेर सर्वांनी एकाच धड्यावर पोहोचावे ही अपेक्षाही त्यातूनच आली, आणि जे पोहोचले नाहीत त्यांच्यासाठी ‘नापास’ हा शब्द रूढ झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे; परंतु शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि ग्रामीण मुलांना मोडी व बालबोध वाचन, हिशेब, शेतीची माहिती असे उपयोगी शिक्षण मिळावे, हा आग्रहही त्याच निवेदनात होता.

फुल्यांचा हा धागा पुढे नेणाऱ्यांत कुंभोजच्या एका जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्थान अग्रगण्य होय. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह, हा इतिहास वाचकांना परिचित आहे. त्यांच्या कार्याचा क्रम मात्र विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. संस्थेचे पहिले मोफत निवासी हायस्कूल सुरू झाले १९४० मध्ये; शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय साताऱ्यात त्याआधीच, म्हणजे १९३५ मध्ये, उघडलेले होते. आधी शिक्षक, मग खेडोपाडी शाळा, मग हायस्कूल, असा हा क्रम आहे. संस्थाचालकांना आधी इमारतीचे वेध लागतात. भाऊरावांना आधी शिक्षकाचे लागले होते.

ज्या मुलांपर्यंत शाळाच पोहोचत नव्हती त्यांच्याकडे शाळा घेऊन जाण्याचे कार्य ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेकांसमवेत काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीतील साधने सुबक असली तरी महाग होती, आणि गरीब वस्तीतील बालवाडीस ती परवडणारी नव्हती. ताराबाईंनी त्या साधनांमागील तत्त्व घेतले आणि साधने बोर्डीच्या किनाऱ्यावर व शेतात शोधली. शंख, शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया यांतून मोजणी, वर्गीकरण आणि आकारांची ओळख होऊ लागली. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात भरली. ती अंगणवाडी. पुढे १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे अडचण निराळी होती. मुले दिवसभर गुरे राखीत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत. यावर दोन उपाय निघाले. गुरे चरतात त्या कुरणावरच शिक्षकाने जावे, ही कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असावी, म्हणजे कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून बहिणीला वर्गात बसता येईल, ही विकासवाडी. मूल मागे का राहते याचे कारण प्रत्येकाचे वेगळे असते, आणि ते कारण घरी गेल्याशिवाय कळत नाही. या दोघींनी हे पुस्तकातून शिकविले नाही, करून दाखविले. शासनाने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री देऊन गौरविले.

यानंतर यंत्रांचा काळ आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. सकाळी मुलांसाठी, सायंकाळी गावकऱ्यांसाठी. सुट्टीच्या काळात याच पडद्यावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण मिळाले, ही त्यातील सर्वांत मोलाची बाब म्हणावी लागेल. वर्ष संपले आणि उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये केंद्र शासनाने सुरुवातीस २५० शाळांतून संगणक साक्षरतेचा प्रकल्प आरंभिला. १९८७ पासून ‘खडू-फळा’ मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व शैक्षणिक साहित्याची पेटी देण्याचे ठरले. त्या पेटीतील भिंगे, चुंबक आणि नकाशे अनेक ठिकाणी कपाटात कुलूपबंद राहिले. याचे कारण शिक्षकाचा आळस एवढेच नव्हते. वस्तू एकदा ‘डेड स्टॉक’ नोंदवहीत चढली की ती फुटल्यास जबाबदारी मुख्याध्यापकाची. मुलांनी हाताळलेले भिंग हिशेबात तूट ठरते आणि कपाटातील भिंग हिशेबात शाबूत राहते. अशा हिशेबापुढे शिक्षक काय करणार?

या साऱ्या इतिहासात ज्याचा जमाखर्च नीट मांडला गेला असा एक प्रयोग गुजरातमधील वडोदरा शहरात झाला. दानशूर संस्थांच्या विश्वस्तांनी तो अवश्य अभ्यासावा. गुजरात शासनाने २००० साली तेथील महापालिकेच्या सुमारे १०० शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००२ च्या जूनमध्ये पाहणी केली, तेव्हा प्राथमिक वर्गातील मुले क्वचितच त्या संगणकांपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. चालविणारे कोणी नसल्याने कित्येक यंत्रे खोक्यातून बाहेरही आली नसावीत. मग ‘प्रथम’ने स्थानिक तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठविले. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकासमोर दोन मुले, असे गणिताचे खेळ देण्यात आले. मूल ज्या पायरीवर असेल त्या पायरीचे उदाहरण समोर येई. ते सुटले तर पुढचे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी या शाळांची तुलना हा कार्यक्रम नसलेल्या शाळांशी केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गणितात मुलांची प्रगती ठळकपणे वाढली होती. भाषेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात गणितातील लाभही बराचसा ओसरला.

त्याच अभ्यासात आणखी एक प्रयोग होता. मुंबई व वडोदरा येथील शाळांत वस्तीतीलच एका शिकलेल्या तरुणीस ‘बालसखी’ म्हणून नेमण्यात आले. तिसरी-चौथीत जाऊनही ज्यांना अक्षरओळख व अंकओळख नीट नव्हती अशा मुलांना ती रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून पायापासून शिकवी. हातात यंत्र नव्हते. तरीही मुलांची प्रगती दिसून आली, आणि खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर. संगणकाच्या कार्यक्रमाचा मात्र सुमारे पंधरा डॉलर. व्यापाऱ्यास या दोन आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. (बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे प्रसिद्धच आहे.) दोन्ही प्रयोगांतील समान सूत्र एकच होते. मुलाला काय येते हे आधी पाहिले गेले, आणि ते पाहणारे एक माणूस जवळ होते.

येथे दानाविषयी दोन शब्द अप्रस्तुत होणार नाहीत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदानाची थोरवी आपल्याकडे फार गायिली आहे. पूर्वी श्रावक-श्राविका ग्रंथांच्या प्रती लिहवून घेऊन मुनींना व भांडारांना अर्पण करीत. त्या दानात ग्रंथ वाचणारा ठरलेला असे. ज्याला त्याची आवश्यकता, त्याच्याच हाती ग्रंथ जाई. आज शाळेस संगणक भेट देणे हे त्याच भावनेने घडते. पण संगणक हा भांडवली खर्च आहे, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आवर्ती खर्च दरवर्षी करावा लागतो आणि त्यावर पाटी लागत नाही. त्यामुळे पहिल्यास दाते मिळतात, दुसऱ्यास शोधावे लागतात.

यंत्रावाचून हेच साधण्याची दुसरी वाट दक्षिणेत निघाली. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅली येथे पद्मनाभ राव व रमा राव या दांपत्याने आसपासच्या खेड्यांतील एकशिक्षकी शाळांसाठी छोट्या कार्डांची मालिका तयार केली. प्रत्येक विषयाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्याचे एक कार्ड असावे, भिंतीवरील शिडीच्या तक्त्यावर मुलाने आपली पायरी शोधून आपले कार्ड उचलावे, अशी ती योजना. ती पाहून आलेल्या कर्नाटकातील शिक्षकांनी १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू केली, आणि कार्डे स्वतः लिहिली. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत व पुढे तमिळनाडूभर या धर्तीचे काम झाले. ज्याने स्वतः कार्ड लिहिले त्याला मूल कोठे अडेल हे लिहितानाच कळते. वरून छापील कार्ड आलेल्या शिक्षकास ते नव्याने उमजून घ्यावे लागते. विस्तार होताना ही अडचण येतेच.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, आणि सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहण्यास राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. शिक्षक शिक्षकाकडून शिकतो याचे ते चांगले उदाहरण होते. तेथे फरशीवर आखलेले अंक, खडे आणि बिया यांतून मुले शिकत होती. कोसबाडची आठवण कोणासही व्हावी. त्याच सुमारास लोकवर्गणीतून गावोगावी डिजिटल शाळा उभ्या राहिल्या. काही उत्तम चालल्या, काहींचे वीजबिल थकले.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा तिची इमारत गोठा आणि कोठार यांच्यामध्ये पडक्या अवस्थेत उभी होती. मुलींची मातृभाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेत. डिसले कन्नड शिकले. पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलींना समजतील अशी नव्याने रचली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. तो चौकोन फोनने टिपला की कविता, गोष्ट अथवा स्वाध्याय कन्नडमध्ये ऐकू येई. मुलींच्या प्रतिसादानुसार ते त्यातील मजकूर बदलीत. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांना वाटली.

त्या दिवशी भारतातील बहुतेक प्राथमिक शाळा बंद होत्या. मार्च २०२० पासून सुरू झालेल्या टाळेबंदीत शिक्षण मोबाईलवर गेले, आणि ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, किंवा एकच होता व तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मूल शाळेपासून तुटले. त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकास वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा नोंदविली आहे. परंतु या प्रसंगाचे प्रशिक्षण कोणापाशीच नव्हते. सोलापूरच्या नीलमनगर भागात कापड उद्योगातील कामगारांची वस्ती आहे. तेथील एका शाळेच्या शिक्षकांनी फोनचा नाद सोडला आणि वस्तीतील सुमारे तीनशे घरांच्या भिंती रंगवून घेतल्या. पहिलीच्या अक्षरांपासून दहावीच्या सूत्रांपर्यंत निवडक पाठ त्या भिंतींवर आले. ज्या मुलाला जे अडले असेल, त्या घरासमोर त्याने वही घेऊन, अंतर राखून उभे राहावे. बोळातून जाता-येता शिक्षक थांबत, कोण कोणत्या भिंतीपाशी आहे ते पाहत आणि तेथेच समजावून देत.